उसना बिल्ला

१४ मार्च

प्रिय ताई,

माझं पत्र बघून हसशील. शेजारी होते तेव्हा चमच्यानं भिंत ठोकून तुला बोलवायचे, आणि आता कागद-पाकीट घेऊन बसले आहे. पण फोनवर दोन वाक्यं बोललीस की तुला धाप लागते, आणि इथे दादाच्या घरी फोन बैठकीच्या खोलीत. मी बोलायला लागले की सगळं घर कान टवकारतं. तेव्हा पत्रच बरं.

भावोजींनी मला बजावलं आहे की तुझ्यापुढे त्या दिवसाचा विषय काढायचा नाही. आणि तू त्यांच्या नकळत निरोप धाडतेस की औषधाच्या गुंगीत तुला धड काही आठवत नाही, मी सगळं लिहावं. मी तुझं ऐकते आहे. पत्र त्यांच्या हाती लागलंच तर सांग, बडबडीच्या तोंडाला कधी कुलूप होतं?

माझ्या लंबूचा बिल्ला हरवला होता, हे तुला ठाऊकच आहे. धान्याच्या सायलोत उतरणाऱ्यानं आपल्या नंबराचा पितळी बिल्ला वरच्या झाकणाशेजारी खिळ्याला अडकवायचा आणि बाहेर आला की काढायचा, म्हणजे आत कोण आहे ते वरच्यांना कळतं. नवा बिल्ला यायला वेळ होता आणि त्याच्याशिवाय मुकादम कोणाला उतरू देत नव्हता. भावोजी त्या दिवशी धान्य वाहणाऱ्या पट्ट्याचा सुटा भाग आणायला ट्रकबरोबर बाहेरगावी निघाले होते. ते म्हणाले, माझा घे, मला आज लागणार नाही. इतकी साधी गोष्ट. आपण दोघी साखर आणि सुई-दोरा असाच द्यायचो-घ्यायचो.

धान्यावर धरलेला कडक थर पायाखाली फुटला आणि लंबू आत धान्यात गाडला गेला. खिळ्यावर नंबर होता भावोजींचा. म्हणून टाइमकीपरनं तुझं दार वाजवलं, माझं नाही. तू उंबऱ्यातच कोसळलीस. गाडीतून दवाखान्यात नेताना तुझा हात धरून मी शेजारी बसले होते. "अजून कोणी डोळ्यांनी पाहिलंय का? कुठेतरी उशीर झाला असेल, येतील ते," असं सारखं म्हणत होते. माझा स्वतःचा त्यावर विश्वास नव्हता, पण गप्प तर बसवत नव्हतं.

आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात भावोजी खरंच चालत आले. मी ओरडले, ताई, बघ, आले. त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. कोणीतरी मला बाकावर बसवलं आणि पाणी दिलं.

एवढंच आहे. मी इथे बरी आहे, म्हणजे जेवते आणि झोपते.

तुझी,
भिंतीपलीकडची बडबडी

*

२६ मार्च

प्रिय बडबडे,

जेवते आणि झोपते म्हणतेस. दोन्ही थापा असणार, मी काय तुला आज ओळखते?

माझं ऐक. डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट समजावून सांगितलं. हृदयाच्या नळ्या स्वच्छ आहेत, कुठे काही तुंबलेलं नाही. फक्त धक्क्यानं हृदयाचा खालचा भाग फुगून लुळा पडला आहे. पडद्यावर त्यांनी मला दाखवलं, वर निमुळतं आणि खाली फुगीर, सुरईसारखं. माणसाचं पंपिंग साठ टक्क्यांच्या आसपास असावं लागतं, माझं पस्तीसवर आलं आहे. पण हा आजार परतीचा आहे म्हणाल्या. बहुतेकांचं हृदय महिना-दोन महिन्यांत आपसूक पहिल्यासारखं होतं. काहींना उशीर लागतो, इतकंच.

ह्यांनी सायलोचं काम सोडलं आणि वजनकाट्यावर बदली मागून घेतली. घरी असले की माझ्या मागेमागे. काल मी पाण्याचं भांडं उचललं तर असे धावले, जणू मी गॅसची टाकी उचलली होती. मी म्हटलं, अहो, लुळं हृदय पडलंय, हात नाही. हसले नाहीत. पूर्वी हसले असते.

भेटायला बायका येतात. खुर्चीत टेकल्या की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "पण तुझं तर काहीच झालं नाही ना, नवरा धडधाकट घरी आला." मी मान डोलावते. काय सांगू त्यांना? जिचं काही गेलं नाही ती गोळ्यांच्या डब्या मांडून बसली आहे, आणि जिचं सगळं गेलं ती मला औषधं घ्यायला सांगते आहे. मला तुझ्यापुढे लाज वाटते गं.

तुमच्या घरात नवे लोक आले. चांगले आहेत. भिंतीत खिळा ठोकून त्यांनी फळी लावली, तेव्हा ठोकल्याचा आवाज आला आणि मी उठून बसले होते.

तुझी,
ताई

*

१९ मे

प्रिय ताई,

मला नोकरी लागली. बाटल्या भरण्याच्या कारखान्यात. पांढऱ्या दिव्यापुढून रिकाम्या बाटल्या सरकत जातात आणि मी स्टुलावर बसून बघायचं, तडा गेलेली किंवा तळाशी घाण असलेली उचलून बाजूला टाकायची. बोलायचं नाही, बोललं की बाटली सुटते. माझ्यासारखीला असं काम. देवाला विनोदबुद्धी आहे.

पहिल्या आठवड्यात सगळ्याच बाटल्या फुटक्या दिसायच्या. सुपरवायझर बाईंनी टोपली बघितली आणि म्हणाल्या, अगं, निम्म्या चांगल्या आहेत ह्यातल्या. आता नजर बसली.

वहिनी वाईट नाही. पण मी स्वयंपाकघरात गेले की ती बोलणं थांबवते, आणि दादा माझ्याशी मी आजारी असल्यासारखा हळू आवाजात बोलतो. मला वाटतं, कोणीतरी माझ्यावर जोरात खेकसावं. लंबू खेकसायचा. मीठ जास्त झालं की सगळ्या मजल्याला कळायचं.

ताई, हे मी दुसऱ्या कोणाला लिहिणार नाही. त्या दिवसानं नेलेलं काहीच परत यायचं नाही. लंबू नाही, घर नाही, तू शेजारी नाहीस. एकच गोष्ट परत येण्यासारखी आहे, आणि ती म्हणजे तुझं हृदय. डॉक्टरांनीच सांगितलं आहे ना, परतीचं आहे म्हणून? मी रोज दिव्यापुढे बसून तेवढं एक धरून ठेवते. दोन महिने झाले. पुन्हा तपासणी झाली असेल. काय आलं ते लिही. आपणहून काही सांगणाऱ्यांपैकी तू नाहीस, म्हणून मागे लागते आहे.

तुझी,
बडबडी

*

२ जून

प्रिय बडबडे,

तपासणी झाली. पंपिंग पंचावन्न आलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सुरईचा आकार गेला, आता हृदय हृदयासारखं दिसतंय. काल मी खाली उतरून भाजी घेऊन आले, मध्ये कुठेही थांबले नाही. पायांवरची सूज उतरली. परवा केससुद्धा माझे मी धुतले.

तेव्हा आता माझा घोर सोड. तू पोटभर जेव, आणि वहिनीशी आपणहून बोलत जा. तिला काय बोलावं ते सुचत नसेल, एवढंच असेल.

घाईत लिहिते आहे, बाहेर जायचं आहे.

तुझी,
ताई

*

११ जून

प्रिय ताई,

तुझं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि रडले. लाइनवरच्या बायकांना वाटलं, पुन्हा कोणी गेलं. मी म्हटलं, नाही गं बायांनो, कोणीतरी परत आलं. मग सगळ्यांना तुझी गोष्ट सांगितली. आमच्या सुपरवायझर बाई, ज्या हसल्या तर पगार कापतील अशा चेहऱ्यानं हिंडतात, त्यांनी मला पाठीवर थोपटलं.

त्या रात्री मी लंबू गेल्यापासून पहिल्यांदा सलग झोपले. सकाळी वहिनीनं हलवून उठवलं. मी तिला म्हटलं, चहा मी करते, आणि ती चक्क हो म्हणाली.

मी महिनाअखेरीला येते आहे. एक दिवस राहीन. तू फक्त समोर बसायचं आणि मी बोलायचं. भावोजींना सांग, त्यांच्यावर माझा काही राग नाही, उगाच तोंड लपवत फिरू नका. देणाऱ्यानं चांगल्या मनानं दिलं आणि घेणाऱ्यानं चांगल्या मनानं घेतलं, त्यात कोणाची चूक काढायची?

तुझीच,
बडबडी

*

२० जून

प्रिय बडबडे,

महिनाअखेरीला नको येऊस. घराचं रंगकाम काढलं आहे, सामान सगळं मधोमध, बसायलाही जागा नाही. रंगाच्या वासानं तुझं डोकं दुखतं. पुढच्या महिन्यात ह्यांची मावशी यायची आहे. त्यानंतर मीच कळवते.

रागावू नकोस.

ताई

*

८ ऑगस्ट

ताईस,

तू कळवणार होतीस. मी वाट बघितली. दोनदा निरोप पाठवला, एकदा उत्तर आलं की तू बाहेर गेली आहेस, एकदा तेही नाही.

सोमवारी मी तुमच्या गावात होते. कचेरीत लंबूच्या कागदांवर सह्या करायच्या होत्या. काम लवकर झालं, म्हणून आपल्या बिल्डिंगखाली आले. वर बघितलं तर खिडकीत भावोजी. त्यांनी मला बघितलं, ताई. ओळखलं. मी हात वर केला आणि त्यांनी पडदा ओढून घेतला. रंगकामही नव्हतं काढलेलं, खिडकीच्या चौकटीचे पोपडे आहेत तिथेच आहेत. मी खाली पाण्याच्या टाकीपाशी थोडा वेळ उभी राहिले, कोणी खाली येईल म्हणून. मग बस धरली.

मला कळतं. तू बरी झालीस, तुमचं घर पुन्हा मार्गी लागलं. मला बघितलं की तो दिवस दारात येऊन उभा राहणार. असं असेल तर सरळ लिहायचं होतंस. मावशी आणि रंग कशाला मध्ये आणलेस? मी काय तुझ्याकडे नवरा मागायला येणार होते?

तू बरी आहेस ह्याचा मला अजूनही आनंद आहे. पण त्या आनंदाला आता बोचतंय काहीतरी.

पुन्हा त्रास देणार नाही.

*

१७ ऑगस्ट

चि. बडबडीस आशीर्वाद.

मला पत्र लिहिण्याची सवय नाही. तुझं पत्र हिनं उशीखाली ठेवलं होतं, ते मी तिला न विचारता वाचलं. आता हेही तिला न विचारता लिहितो आहे.

पंचावन्न कधीच झालं नाही. जूनमध्ये पस्तीसच होतं. तुझं पत्र आलं, त्यात तू हिच्या हृदयावर आस लावून बसल्याचं लिहिलं होतंस. ते वाचून तिनं तो आकडा मनानं लिहिला. मी म्हटलं, अशी थाप किती दिवस चालेल? ती म्हणाली, तोपर्यंत होईल पंचावन्न, मग थाप राहणार नाही. डॉक्टरीणबाईही तेव्हा म्हणत होत्या की उशिरा सुधारणारे असतात, कोणाकोणाला सहा-आठ महिने लागतात.

तेही झालं नाही. आता तीस आहे. छातीत पाणी भरल्यानं दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं. आडवं झोपता येत नाही, उशा लावून बसूनच झोपते. जिना उतरलेली नाही. परवाच्या तपासणीत, जो भाग लुळा होता तिथे आता वण दिसतो आहे म्हणाल्या. पूर्वी त्या 'होईल' म्हणायच्या. आता 'बघू' म्हणतात.

तू खाली उभी होतीस तेव्हा ही खुर्चीत बसली होती, नाकाला नळी होती. मी सांगितलं, ती आली आहे. तिनं मला पडदा ओढायला लावला आणि मी ओढला. मग तू जाईपर्यंत पडद्याआडून मीच बघत होतो.

माझ्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. वजनकाट्यावर ट्रक येतात, आकडा बघतो, पुढे सोडतो. मी जिवंत घरी आलो त्याचा तिला काही उपयोग झाला नाही, एवढं मला दिसतं. ती माझ्याकडे बघते ते माझ्या खांद्यावरून मागे कोणाकडे तरी बघितल्यासारखं. मी एकदोनदा मागे वळूनही पाहिलं. विचारलं तर काही नाही म्हणते.

जमलं तर ये. तिला सांगू नकोस की मी लिहिलं.

तुझा,
भावोजी

*

३० ऑगस्ट

प्रिय बडबडे,

ह्यांनी तुला लिहिलं हे मला कळलं. ह्यांना काही लपवता येत नाही, पाकीट चिकटवून आले तेव्हा डिंक मिशीला होता. बरं झालं, एक ओझं उतरलं. हे पत्र मी तुकड्यातुकड्यानं लिहिते आहे, त्यामुळे अक्षर कुठे चांगलं दिसेल, कुठे कोंबडीचे पाय.

आता मी सांगते ते नीट वाच. कोणालाही सांगितलेलं नाही, डॉक्टरीणबाईंनाही नाही.

मी तुला तो दिवस लिहायला सांगितला तो आठवत नव्हता म्हणून नाही. मला सगळं आठवतं. तुला किती आठवतंय, ते मला बघायचं होतं.

टाइमकीपर बोलला तेव्हा मी कोसळले, हे खरं. पण तो आघात वरवरचा होता गं, माझ्या डोक्यात तो शिरलाच नव्हता. दवाखान्यात नेल्यावर त्यांनी लगेच ईसीजी काढला आणि तो ठीक आला. नर्स म्हणाली, घाबरून चक्कर आली आहे, तासाभरानं घरी सोडू. मी व्हरांड्यात चाकाच्या खुर्चीत बसले होते आणि तू माझ्यापुढे उभी होतीस.

मग हे आले. अंगावर ट्रकची धूळ, हातात तो सुटा भाग, पोत्यात गुंडाळलेला. मी ह्यांना बघितलं आणि बघताक्षणी मला आठवलं की सकाळी जिन्यात ह्यांनी लंबूच्या हातावर बिल्ला ठेवला होता. मी दार लावता लावता पाहिलं होतं. म्हणजे आत कोण होतं, ते मला त्याच क्षणी कळलं.

तुला अजून कळलं नव्हतं. ह्यांच्या खांद्यामागे तुझा चेहरा होता आणि तू हसत होतीस. माझ्यासाठी हसत होतीस. टाळ्या पिटायच्या तेवढ्या बाकी ठेवल्या होत्यास. "बघ ताई, आले, मी म्हटलं नव्हतं, येतील म्हणून?" असं म्हणत होतीस. इतका निखळ आनंद मी कोणाच्या तोंडावर पाहिलेला नाही. आणि मला माहीत होतं की आता कोणीतरी तुझ्या पाठीशी येऊन उभं राहणार आणि तुझ्या खांद्यावर हात ठेवणार. तुला सांगायला मी तोंड उघडलं. तेव्हा छातीत कळ आली. आधी नाही, तेव्हा.

सगळे म्हणतात, बातमी खोटी ठरली, मग हृदय अजून का रुसलंय? मी काय सांगू? ते ज्या बातमीनं मोडलं ती खरीच होती, आणि ती अजूनही खरीच आहे. हे समोर आले की मला ह्यांच्या मागे तुझं ते हसू दिसतं. म्हणून तुला घरी येऊ दिलं नाही. तू दारातून हसत आत आली असतीस, आणि ते मला दुसऱ्यांदा झेपलं नसतं.

तू म्हणाली होतीस, एकच गोष्ट परत येण्यासारखी आहे. ती काही येत नाही, बडबडे. मी फार प्रयत्न केला. गोळ्या घेतल्या, मीठ सोडलं, पाणी मोजून प्यायले, तुझ्यासाठी खोटा आकडासुद्धा लिहून पाहिला. तुला आणखी एक गोष्ट गमवायला लावते आहे, ह्याचं मला फार वाईट वाटतं.

आता ये. हसलीस तरी चालेल. फक्त गाडीत म्हणत होतीस ते वाक्य नको म्हणूस. इथे येणारा प्रत्येक जण तेच म्हणतो, उशीर झाला असेल, येईल. मला आता ते ऐकवत नाही.

तुझी,
ताई

*

५ सप्टेंबर

प्रिय ताई,

तुझं पत्र चार दिवस माझ्याजवळ आहे. दिव्यापुढे बसते आणि एकही बाटली दिसत नाही. आज सुपरवायझर बाईंनी मला स्टुलावरून उठवलं आणि म्हणाल्या, जा, तुझ्या माणसाकडे जाऊन ये, रजेचं मी बघते.

मी हसत होते, हे मला खरंच आठवत नव्हतं. तू लिहिलंस आणि सगळं आठवलं. त्या हसण्याचा मला राग येतो आहे, म्हणून मी चार दिवस कोणाशी बोलले नाही. वहिनीनं आज मला जवळ घेतलं, तेव्हा तिच्या खांद्यावर पहिल्यांदा मोठ्यानं रडले.

ताई, लंबूला आई नव्हती, बहीण नव्हती. त्याच्यासाठी रडणारं माझ्याशिवाय कोणी नाही, असं मी म्हणायचे आणि त्याचंच मला जास्त दुःख व्हायचं. आता कळलं की माझ्याही आधी तो तुझ्या काळजात मेला होता. मी हसत होते तेव्हा एक माणूस त्याच्यासाठी मोडत होतं. हे कळायला मला सहा महिने लागले, आणि कळलं तेव्हा तुझं काही उरलं नाही. मला हे नको होतं, ताई. त्याच्यासाठी कोणी रडलं नसतं तरी चाललं असतं, तू बरी असतीस तर.

पण आता ते मागायचं नाही, हे मी समजले. मी त्या आकड्याची वाट बघणं सोडलं. डॉक्टरीणबाई 'बघू' म्हणतात ते मला कळतं.

शनिवारी येते. भावोजींना पडदा उघडा ठेवायला सांग. तीन जिने चढून येईन, तेव्हा मलाही धाप लागलेली असेल, म्हणजे थोडा वेळ दोघीही गप्प बसू. गाडीतलं वाक्य मी म्हणणार नाही. एकदा म्हटलं तर ते तुझ्यासाठी खरं झालं आणि त्याच वेळी माझं माणूस गेलं. पुन्हा तोंडातून काढायची मला हिंमत नाही.

नुसता हात धरून बसेन, गाडीत धरला होता तसा. ह्या खेपेला कोण जाणार आहे ते दोघींनाही माहीत असेल.

तुझी,
बडबडी